फनेल धुता, पण वाळवता का? पी फनेल स्वच्छ ठेवायची पूर्ण पद्धत

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर पावसाळा सुरू झाला की हा मेसेज येणारच, "अगं माझ्या फनेलला वास मारतोय, दोनदा धुतलं, वर सॅनिटायझर पण मारलं, तरी जात नाहीये." मी एकच विचारते, धुतल्यावर कशात ठेवलंस? उत्तरही ठरलेलं, कॅरीबॅगमध्ये, घट्ट गाठ मारून. झालं की मग. धुण्यात फारशी कोणी चुकत नाही हो, चुकतात त्या क्रमात आणि वाळवण्यात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे दर जूनमध्ये तेच तेच टाइप करायला नको.

(ज्यांना फनेल हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी: उभं राहून लघवी करता यावी म्हणून बायकांसाठी मिळणारं नरसाळं. माझी आई नरसाळंच म्हणते, आणि तो शब्द जास्त बरोबर आहे.)

१. आधी बघा, तुमचं फनेल कशाचं आहे

हे न बघता लोक थेट उकळायला घेतात म्हणून हे पहिलं. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

मऊ, घडी होणारं, रबरासारखं लागतं ते सिलिकॉनचं. हे उकळलेलं चालतं. कडक, घडी न होणारं ते प्लास्टिकचं. याच्या बॉक्सवर उकळायचं लिहिलेलं असेल तरच उकळा, नाहीतर वाकडं होतं, आणि कड एकदा वाकडी झाली की ते अंगाला नीट बसत नाही, मग गळतं. तिसरं कागदी, वरून पातळ कोटिंग असलेलं. ते एकदा वापरायचं आणि टाकायचं. कागदी फनेल धुऊन परत वापरणाऱ्या मला भेटल्यात, म्हणून स्पष्ट सांगते, नाही, नाही, नाही.

तपासा: बॉक्स फेकून दिलाय आणि कशाचं आहे आठवत नाही? दाबून बघा. दाबल्यावर घडी पडते आणि सोडल्यावर परत जागच्या जागी येतं तर बहुतेक सिलिकॉन. तरीही शंका असेल तर उकळू नका, कोमट पाणी आणि साबणावर भागवा.

२. नवीन आणलं की बाहेर नेण्याआधी घरी

नवीन फनेल बॉक्समधून काढून थेट सॅकमध्ये टाकू नका. आधी साबणाने धुवा, सिलिकॉनचं असेल तर एकदा उकळून घ्या, पूर्ण वाळू द्या. मग घरच्या बाथरूममध्ये, अंघोळीच्या वेळी, निदान चार-पाच वेळा प्रॅक्टिस करा. याचा स्वच्छतेशी काय संबंध, असं वाटेल, पण खूप संबंध आहे. नीट बसलं नाही की मागून गळतं, पँट ओली, फनेल बाहेरून ओलं, हात ओले, आणि मग धुवायचं काम चौपट. सवय झाली की फक्त आतली बाजू ओली होते आणि दोन मिनिटांत काम संपतं.

आणखी एक, पहिल्या धारेचा जोर कमी ठेवा. एकदम जोरात सोडलं तर फनेल भरून वरून सांडतं, विशेषतः चोच (खालची निमुळती नळी) बारीक असेल तर.

३. सॅकमध्ये काय हवं

फार काही लागत नाही, पण हे सगळं एकाच पाऊचमध्ये पाहिजे, ऐनवेळी सॅक उपसायला लागता कामा नये.

- एक छोटी पाण्याची बाटली, फक्त धुण्यासाठी. जुन्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईने चार-पाच भोकं पाडा, दाबलं की फवारा येतो. एका वेळेला शंभर-दीडशे मिली पाणी पुरतं.
- त्या बाटलीला लाल रंगाची रबर बँड किंवा चिकटपट्टी. नाहीतर कोणीतरी तहानलेला मित्र ती उचलतो. आमच्याकडे हे झालंय, जास्त सांगत नाही.
- सुती कापडाचे दोन छोटे तुकडे, जुन्या साडीचे किंवा ओढणीचे बेस्ट.
- एक झिपलॉक पिशवी आणि एक जाळीची किंवा सुती पिशवी. दोन्ही लागतात, का ते पुढे.
- हातासाठी कागदी साबण किंवा सॅनिटायझर. हातासाठी, फनेलसाठी नाही.

४. वापरताना

आधी हात. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. दगडांना धरत, चिखलात टेकत चढलेला हात थेट फनेलच्या कडेला लावायचा आणि ती कड अंगाला, मग नंतर कितीही धुवा. म्हणून आधी हात धुवा, आणि हात मळलेला नसेल तर सॅनिटायझर लावून तो पूर्ण उडू द्या, मग फनेल काढा. धरताना बाहेरून धरा, अंगाला लागणाऱ्या कडेला बोट लावू नका.

फनेलची मागची कड खूप मागे नेऊ नका. गुदद्वाराच्या भागाला ती लागता कामा नये, कारण तिथले जंतू मूत्रमार्गात गेले की लघवीचं इन्फेक्शन होतं, बायकांमध्ये मूत्रमार्ग आखूड असतो म्हणून ते आणखी पटकन होतं. चुकून लागलंच तर नुसतं पाणी पुरणार नाही, साबणाने धुतल्याशिवाय पुढच्या वेळेला वापरायचं नाही.

संपल्यावर दोन सेकंद तसंच थांबा, मग चोच खाली ठेवून हळूच पुढे काढा. घाईत ओढलं की उरलेले थेंब बुटावर.

⚠ फनेल कोणालाही वापरायला देऊ नका. बहीण असो, जिवलग मैत्रीण असो. "उकळून देते ना" वगैरे नको. ग्रुपमध्ये कोणाकडे नसेल तर द्यायला दोन कागदी जवळ ठेवा, प्रश्न मिटतो.

५. लगेच, तिथेच: पाणी आधी

हा टप्पा पाच मिनिटांनी नाही, तिथल्या तिथेच करायचा. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, तेव्हा तो झणझणीत वास येतो, आणि सुकताना त्यातले क्षार कडेला चिकटतात. म्हणजे जेवढा उशीर तेवढं काम अवघड. लघवी निर्जंतुक असते असं कोणी सांगितलं असेल तर तेही विसरा, नसते.

क्रम असा:

१) दोनदा झटका. वारा कुठून येतोय ते बघून, आणि मागे कोण उभंय ते बघून.
२) चोच खाली, रुंद तोंड वर. वरून फवारा मारा, कडेपासून सुरुवात करून गोल फिरवत आत. सगळं पाणी चोचीतून खाली गेलं पाहिजे. उलटं करून चोचीतून पाणी घातलं तर घाण परत कडेवर येते, ही चूक खूप जणी करतात.
३) बाहेरून एकदा पाणी.
४) परत झटका, सुती तुकड्याने आधी आतून, मग कड, मग बाहेरून पुसा.
५) फनेल पिशवीत गेल्यावर शेवटी हात.

पाणी अगदीच नसेल तर कोरड्या कापडाने पुसून झिपलॉकमध्ये ठेवा आणि पाणी मिळालं की पहिलं काम ते. ओले वाइप्स चालतात का? बाहेरून पुसायला चालतात, पण बहुतेकांत सुगंध असतो आणि तो कडेवर राहून पुढच्या वेळेला आग होते. साधे, बिनवासाचे घ्या.

⚠ गडावरच्या टाक्यात फनेल बुडवायचं नाही, टाक्याच्या काठावर बसून धुवायचंही नाही. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी टाक्यातलं पाणी लोक पितात. बाटलीत पाणी भरून घ्या, टाक्यापासून, ओढ्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जा आणि तिथे मातीत धुवा. लघवीलाही तेवढंच लांब जायचं, हे वेगळं सांगायला नको.

६. मुक्कामी किंवा घरी पोचल्यावर: साबणाची धुलाई

वर केलं ते तात्पुरतं होतं. दिवसातून एकदा साबणाने धुवायलाच पाहिजे, भले एकदाच वापरलं असेल.

आधी साध्या थंड पाण्याने नीट खळबळून घ्या. मग कोमट पाणी आणि बिनवासाच्या, सौम्य लिक्विड साबणाचे दोनच थेंब. बोटांनी अर्धा मिनिट चोळा, कडेला जिथे दुमडलेली पट्टी असते त्या घडीत बोट घाला, खरी घाण तिथे बसते. चोचीसाठी मऊ बेबी टूथब्रश, आणि त्याच्या दांड्यावर मार्करने मोठी खूण करा, पुढचं तुम्हाला कळलं असेल.

भांड्यांचा काथ्या, तारेची घासणी, घासायची पावडर यातलं काही वापरू नका. बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण त्यात जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, आणि मग साबण तिथे पोचतच नाही. वड्यांचा भांड्यांचा साबणही नको, तो नीट निघत नाही.

आता विसळणं. साबणाला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट विसळायला द्या. उरलेल्या साबणाने नाजूक त्वचेला खाज येते, आणि मग "मला फनेल सूट होत नाही" म्हणून मैत्रीण ते कपाटात टाकते. फनेलचा काही दोष नसतो.

तपासा: ओल्या बोटाने आतून घासा. बोट सरकत असेल तर साबण आहे अजून. बोट अडकून चर्र आवाज आला की झालं.

७. वाळवणं (इथेच सगळं बिघडतं)

माझं पहिलं फनेल मी राजमाचीहून आल्यावर व्यवस्थित साबणाने धुतलं, मस्त पुसलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलं. जूनचा शेवट होता. आठवड्याने काढलं तर चोचीच्या आत काळे ठिपके. धुतलेलं होतं बरं का, अगदी स्वच्छ. पण चोचीत दोन थेंब राहिले होते आणि बुरशीला तेवढं बास झालं.

तर पद्धत अशी. झटका, सुती कापडाने आतबाहेर पुसा, कापडाची वळी करून चोचीतूनही एकदा आरपार काढा. मग ते हवेत ठेवा, तेही असं की दोन्ही तोंडं उघडी राहतील. ओट्यावर पालथं घातलं तर खालचं तोंड बंद होतं आणि आत दमट राहतं. भांडी निथळायच्या जाळीसारखी एखादी वेगळी छोटी जाळी असेल तर त्यावर आडवं, नाहीतर प्लास्टिकच्या चिमट्याने कडेला धरून दोरीवर. घडीचं सिलिकॉन असेल तर पूर्ण उघडून, घडीत कधीही वाळवायचं नाही.

उन्हाळ्यात दोन-तीन तासांत होतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा, बाल्कनीत नको, तिथली हवा आतल्यापेक्षा ओली असते. कडक उन्हात दिवसभर टाकू नका, विशेषतः प्लास्टिकचं, ते हळूहळू ठिसूळ होतं. अर्धा तास कोवळं ऊन चालेल. हेअर ड्रायर थंड हवेवर असेल तर हरकत नाही, गरमवर नको.

तपासा: टिश्यूचा तुकडा पिळून चोचीत घाला, फिरवा, काढा. जरा जरी ओला आला तर अजून वाळू द्या. पिशवीत भरण्याआधी ही एक टेस्ट केली तरी निम्म्या तक्रारी जातील.

आता दोन पिशव्यांचं कारण. झिपलॉक फक्त चालू ट्रेकसाठी, म्हणजे ओलं फनेल बाकी सामानाला लागू नये म्हणून, आणि तेही काही तासच. मुक्कामी पोचलात की बाहेर काढायचं. घरी कपाटात ठेवताना सुती किंवा जाळीची पिशवी, हवा खेळती पाहिजे. नवीन बुटांच्या बॉक्समध्ये ती सिलिका जेलची पुडी येते ना, ती पावसाळ्यात कपाटात बाजूला टाकून ठेवा, मदत होते. फनेलच्या आत मात्र नको, फुटली तर दाणे कडेला चिकटतात.

तंबूत मुक्काम असेल आणि बाहेर धो धो पाऊस, तर? पुसायचं, टिश्यूने परत पुसायचं, आणि जाळीच्या पिशवीत घालून तंबूच्या आतल्या दोरीला लटकवायचं. पूर्ण वाळणार नाहीच, पण बंद पिशवीपेक्षा कितीतरी बरं. घरी आल्या आल्या मग उकळा.

८. उकळणं: कधी आणि कसं

दर वेळेला उकळायची गरज नाही. सीझनच्या सुरुवातीला, पाळीत वापरलं तर नंतर, लघवीचं किंवा योनीचं इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर, आणि बराच काळ ओलं राहिलं असेल तर. बास.

आधी साबणाने धुवा, मग उकळा. न धुता उकळलं तर जे चिकटलंय ते आणखी पक्कं बसतं. वेगळं पातेलं ठेवा, घरात भांडणं नकोत. पाणी एवढं घ्या की फनेल पूर्ण बुडेल आणि हलत राहील, तळाला टेकून राहिलं तर तिथे जळू शकतं, म्हणून खाली स्टीलची छोटी जाळी टाका. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पाच मिनिटं, मोबाईलवर टायमर लावून. टायमर लावाच, कारण पाणी आटून सिलिकॉन करपल्याचा वास अख्ख्या बिल्डिंगला जातो. चिमट्याने काढा आणि परत सातव्या टप्प्यावर या, वाळवणं काही टळत नाही.

९. पांढरा थर, पिवळटपणा, जुना वास

कडेला किंवा चोचीत खरखरीत पांढरट-पिवळा थर दिसतोय तर तो क्षारांचा, साबणाने जाणार नाही. नळावर जसा थर येतो तसाच प्रकार, आणि बोअरचं पाणी असेल तर आणखी लवकर येतो. त्याला आंबट पाहिजे. साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात वीस-तीस मिनिटं भिजवा. व्हिनेगर नसेल तर पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. मग ब्रशने हलकं घासा, भरपूर विसळा, साबणाने परत धुवा. अंगाला लागणारी वस्तू आहे, आंबटपणा राहता कामा नये.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकून फेस काढायचे व्हिडिओ फिरतात. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि तुमच्या हातात जवळजवळ खारट पाणी उरतं. आंबट एकटंच वापरा.

⚠ ब्लीच अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाबरोबर त्याचा विषारी वायू होतो, व्हिनेगरबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग करू नका. टॉयलेट क्लीनर, फिनेल तर विचारातही आणू नका, सिलिकॉन असले वास धरून ठेवतं.

सॅनिटायझरबद्दल. मळलेल्या जागेवर ते नीट काम करत नाही, म्हणजे धुण्याऐवजी ते मारून काही होत नाही, आणि धुतल्यानंतर त्याची फारशी गरज उरत नाही. शिवाय न उडलेलं सॅनिटायझर त्या भागाला लागलं की जी आग होते, ती झालेलीला विचारा. अँटिसेप्टिक लिक्विडचंही तेच. आणि खोबरेल तेल, टाल्कम पावडर लावून "मऊ ठेवायची" गरज नाही, त्याला धूळ चिकटते, बाकी काही नाही.

१०. पाळीत

वापरता येतं. फरक एकच, रक्त लागलं असेल तर आधी थंड पाणी, गरम नाही. गरम पाण्याने डाग पक्का होतो, हे कपड्यांवरून सगळ्यांना माहीतच आहे, फनेलच्या वेळी मात्र घाईत गरम पाणी ओतलं जातं. थंड पाणी, मग साबण, मग घरी आल्यावर उकळणं. थोडा फिकट डाग राहिला तर चालतं, डाग म्हणजे घाण नाही. वास किंवा बुळबुळीतपणा राहिला तर मात्र घाण आहे.

११. कागदी फनेल वापरणाऱ्यांसाठी

माझी आत्या वारीला जाते, तिला मी कागदीच देते, कारण दिवसभर चालताना धुवायला पाणी शोधणं आणि वाळवणं तिच्याच्याने होणार नाही. यात स्वच्छतेचं काम दोनच. न वापरलेली कोरडी ठेवा, पावसात भिजलेलं कागदी फनेल ऐनवेळी दुमडतं. आणि वापरलेलं कमोडमध्ये टाकू नका, तुंबतं. झाडीतही नको. कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत सॅकमधून खाली आणा, घरच्या कचऱ्यात टाकताना पुडीवर लाल ठिपका काढा, सॅनिटरी पॅडला काढतो तसा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना उघडून बघावं लागत नाही.

१२. फेकायचं कधी

काळे ठिपके आले आणि घासून, उकळूनही गेले नाहीत. सिलिकॉन चिकट लागायला लागलं. कडेला चीर पडली, अगदी नखाएवढी का असेना. कडक प्लास्टिकला तडा गेला. व्हिनेगर आणि उकळणं दोन्ही करूनही वास येतोय. यातलं एक जरी झालं तरी नवीन घ्या, पाच-सहाशे रुपयांसाठी इन्फेक्शनचा खर्च नको.

आणि लघवीला जळजळ, सारखी लागणं, ताप, कंबरेत दुखणं असं काही सुरू झालं तर फनेल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, "पाणी कमी प्यायले असेन" म्हणत चार दिवस काढू नका. बरं झाल्यावर फनेल उकळल्याशिवाय परत वापरायचं नाही.

फेकताना वर्तमानपत्रात गुंडाळून फेका. घरात दुसऱ्या कामाला ठेवू नका. एकीने मला खरंच विचारलं होतं, उकळून घेतलं तर बरणीत तेल ओतायला चालेल का.